खडसावल्याने चूक सुधारत नाही, लपते

घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओ मोहिमेत १२ बालकांना लशीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजण्यात आले. त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवावे लागले. सुदैवाने सर्वांची प्रकृती स्थिर राहिली. तिघा कर्मचाऱ्यांवर कारवाई जाहीर झाली. निष्काळजीपणाचा जाब विचारणे आवश्यकच. परंतु लशीच्या जागी सॅनिटायझर हाती आलेच कसे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

आढावा बैठकीत चारचौघांसमोर कर्मचाऱ्याला फैलावर घेतले की कामकाज सुधारते, असा अनेक अधिकाऱ्यांचा समज असतो. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात रुग्णालयांच्या अभ्यासात वेगळेच चित्र दिसले. चांगले नेतृत्व लाभलेल्या चमूंमध्ये औषधांच्या चुकांची नोंद अधिक होती. कारण तेथील परिचारिका चूक न भिता सांगत. कडक वरिष्ठांच्या हाताखाली चुका टळत नव्हत्या, दडपल्या जात होत्या.

चूक ज्याच्या हातून घडते, तोच ती सर्वप्रथम सांगू शकतो. त्याचे तोंड भीतीने बंद झाले, तर उपचाराला विलंब होतो आणि त्याची किंमत साहेब नव्हे, बालक मोजते.