विद्यार्थ्याची फाईल

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभिलेखागारात भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याची फाईल आहे. अर्ज, कचेरीचा पत्रव्यवहार, एका प्राध्यापकाने दुसऱ्याला लिहिलेली पत्रं. कुठल्याही शिक्षणसंस्थेच्या कपाटात असतात तसेच हे कागद. यंदाचा अंक आम्ही विद्यापीठांच्या अभिलेखागारांना वाहिला, त्यामागे ही फाईल आहे.

हा विद्यार्थी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून लंडनला आला. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्याला परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा तेवढी मिळाली. पुस्तकं आणि टिपणं वेगळ्या जहाजाने मुंबईकडे निघाली होती. महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवलं. भरपाईचे ६०० रुपये हाती आले, टिपणं गेली ती गेलीच. त्या तरुणाने जिवापाड जपलेलं समुद्राच्या तळाशी गेलं आणि त्याच्या नावाने कचेरीत पडलेले कागद शंभर वर्षं टिकले. या विपरीत हिशेबाचा विचार आम्हाला अजून सोडत नाही.

मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पगारातले पैसे राखून, शाहू महाराजांचं आणि मित्र नवल भथेना यांचं साहाय्य घेऊन आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले. कोलंबियाचे एडविन सेलिग्मन यांनी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांच्याकडे त्यांची शिफारस केली होती. त्या नोव्हेंबरात फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिव मिसेस मेअर यांना पत्र पाठवलं. या गृहस्थाने डॉक्टरेट आधीच मिळवली आहे, जिंकायला त्याला इथे नवा मुलूख उरलेला नाही, अशा आशयाचं. पुढे काय झालं ते आपण जाणतो. त्याच संस्थेतून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी आधी परत धाडला होता. तो नव्याने मांडून मान्य करून घ्यावा लागला. पुस्तकरूपात तो आला तेव्हा एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. चरित्रात हे सगळं चार ओळींत उरकतं. फॉक्सवेल यांच्या पत्रात मात्र भविष्य ठाऊक नसलेला माणूस बोलतो. पुतळा उभा राहण्याआधीचे आंबेडकर तिथे भेटतात: शुल्क भरायचं, परवानग्या मागायच्या, वेळेत प्रबंध द्यायचा अशा विवंचनेतले.

आपल्याकडेही असा एक कागद आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. ते रजिस्टर शाळेने जपलं. ७ नोव्हेंबर हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, तो त्या एका ओळीच्या जोरावर. नोंद करणाऱ्याला काय कल्पना असणार! अभिलेखागाराचं मर्म आम्हाला इथे दिसतं. कोण मोठा होणार हे ठरवून कागद ठेवता येत नाहीत; सगळ्यांचे ठेवावे लागतात.

आणि मोठेपण सिद्ध झाल्यावरही कागद सुरक्षित राहतील याची खात्री नसते. १९५६ नंतर बाबासाहेबांची हस्तलिखितं काही काळ न्यायालयाच्या ताब्यात पेट्यांत बंद होती. महाराष्ट्र शासनाने प्रकाशनाचं काम हाती घेतलं, वसंत मून यांनी त्यात आयुष्य ओतलं, तेव्हा १९७९ पासून एकेक खंड बाहेर येऊ लागला. बाबासाहेबांचं कितीतरी लेखन त्यांच्या पश्चातच वाचकांपर्यंत आलं. मून यांच्यासारखा माणूस दर वेळी मिळेल या भरवशावर एखाद्या समाजाने राहावं का? आमच्या मते हे काम विद्यापीठांचं आहे, आणि त्यासाठी त्यांना पैसा, वातानुकूलित खोल्या आणि प्रशिक्षित माणसं मिळालीच पाहिजेत. जुनी दप्तरं ‘जागा अडवतात’ म्हणून निकालात काढणं थांबलं पाहिजे. वसतिगृहाची हजेरीपुस्तकं, शिष्यवृत्तीचे नामंजूर झालेले अर्ज, विद्यार्थी संघटनांची पत्रकं यांतूनच उद्याचा संशोधक आजचा महाराष्ट्र वाचणार आहे. नामंजूर अर्ज तर जरूर ठेवा. ज्यांना दार उघडलं नाही, त्यांची नावं दुसरीकडे कुठे सापडणार?

दिवाळी अंकांचीही कथा वेगळी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी कथा, व्यंगचित्रं, वादविवाद, इतकंच काय, साबणाच्या आणि घड्याळांच्या जाहिरातीसुद्धा या अंकांत साठत आल्या. तुळशीच्या लग्नापर्यंत घरभर फिरलेला अंक पुढे रद्दीत जातो.

यंदा आम्ही या अंकाच्या प्रती विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे पाठवत आहोत. वाचकांनाही विनंती आहे. माळ्यावर जुने अंक असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी नाव, वर्ष आणि फाटलेली पानं यांची यादी करा आणि जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना दाखवा. जाहिरातींची पानं फाडू नका, समासातली टिपणं खोडू नका. आजोबांची पत्रं, आईची शाळा-कॉलेजातली प्रगतिपुस्तकं त्याच गठ्ठ्यात निघाली, तर तीही दाखवा.



— संपादक