हरित उपकराचा लाभार्थी कोण?

हवामानबदलाच्या चिंतेचा लाभ कोणाला होतो, असे विचारले की बोट बहुधा सौरऊर्जेच्या उद्योजकांकडे नाहीतर परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांकडे वळते. आयुष्याची उमेदीची वर्षे शासकीय सेवेत घालवल्यामुळे मला मात्र या प्रश्नाचे उत्तर आधी सरकारी तिजोरीत शोधावेसे वाटते.

२०१०-११च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. प्रदूषणाची किंमत प्रदूषकाने मोजावी आणि त्यातून अपारंपरिक ऊर्जेसाठी निधी उभा राहावा, हा हेतू रास्त होता. पुढे सत्तांतर झाले, तरी उपकर वाढतच गेला. २०१४मध्ये १००, २०१५मध्ये २००, तर २०१६मध्ये तो ४०० रुपये झाला. २०१७-१८पर्यंत सुमारे ८६,४४० कोटी रुपये गोळा झाले. त्यांपैकी निधीकडे वर्ग झाले सुमारे २९,६५४ कोटी आणि प्रत्यक्ष वापरले गेले सुमारे १५,९११ कोटी. म्हणजे शंभरातले अठरा रुपये.

जुलै २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला. टनामागचे ४०० रुपये कायम राहिले, नाव मात्र 'भरपाई उपकर' झाले. स्वच्छ ऊर्जेसाठी आकारलेला पैसा राज्यांची महसुली तूट भरू लागला. त्यात महाराष्ट्रासारख्या औद्योगिक राज्यांचा वाटा मोठा होता. सप्टेंबर २०२५मध्ये तोही उपकर संपला आणि कोळशावरील कर ५ वरून १८ टक्क्यांवर गेला. मूळ हेतूचा उल्लेखही आता उरलेला नाही.

राज्यांची तूट भरणे हे काही पाप नव्हे, आणि संसदेच्या संमतीनेच हे सारे घडले. पण राज्यघटनेनुसार उपकराचा वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, तो केवळ विशिष्ट कारणासाठी असतो म्हणून. ते कारणच गळून पडले, तर या सवलतीला आधार कोणता?

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे लॉर्ड लिटन आठवतो. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर त्याच्या सरकारने दुष्काळ विमा निधीच्या नावाने नवे कर बसवले. लवकरच अफगाण युद्ध पेटले आणि निधीची तरतूद स्थगित झाली. कर मात्र चालूच राहिले. दुष्काळ खरा होता, म्हणूनच त्याच्या नावावर कर बसवता आला.

हवामानबदलही खरा आहे. त्याच्या नावाने पैसा भलतीकडे गेला, यावरून ती चिंताच बनावट आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. खरे नुकसान झाले ते झरिया, कोरबा, तालचेर या कोळसापट्ट्यांचे. उद्या खाणी बंद होतील तेव्हा तेथील कामगारांच्या पुनर्वसनासाठी हाच पैसा हाताशी असता. यापुढे पर्यावरणाच्या नावाने कोणताही कर लावताना त्याचा जमाखर्च दरवर्षी संसदेपुढे स्वतंत्रपणे मांडण्याचे बंधन कायद्यातच असावे. हिशेब चोख असेल, तर लाभार्थी कोण हे वेगळे विचारावे लागणार नाही.