मोठ्या सभेच्या खोल्या

एकत्र कुटुंब वाढू लागले, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांपुढे दोन मार्ग उरतात : चुली वेगळ्या करणे अथवा खोल्या वाढविणे. पहिल्या मार्गाने माणसे दुरावतात. दुसऱ्या मार्गाने ती एका छपराखाली राहतात. मात्र कोणती खोली कशासाठी, हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. हाच प्रश्न मंडळांना, वाचनालयांना आणि समान आवडीने एकत्र आलेल्या प्रत्येक समुदायाला केव्हा ना केव्हा सोडवावा लागतो. एका संगणकाच्या मालकांनी तो कसा सोडविला, याची हकीकत बोधप्रद असल्याने ती या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या संगणकाचे नाव अमिगा. अमेरिकेतील कमोडोर कंपनीने तो जुलै १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम लोकांपुढे आणला. ४,०९६ रंगांतून निवड करण्याची सोय, ध्वनीचे चार मार्ग आणि एकाच वेळी अनेक कामे करण्याची शक्ती हे गुण त्या काळच्या घरगुती संगणकांत दुर्मिळ होते. साहजिकच चित्रकार, संगीतप्रेमी, खेळांचे शौकीन आणि प्रोग्राम लिहिणारे असे नाना प्रकारचे लोक त्याच्याभोवती जमले. यंत्र एक, परंतु आवडी अनेक, अशी ही स्थिती होती.

हे मालक परस्परांशी बोलत ते यूझनेट नावाच्या व्यवस्थेतून. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी तिची कल्पना मांडली. एका संगणकावर लिहिलेले टिपण दूरध्वनीच्या तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे, तेथून तिसऱ्याकडे, असे हातोहात पुढे जाई. विषयवार चर्चागट असत आणि कोणते गट आपल्या संगणकावर ठेवावयाचे, हे तेथील व्यवस्थापक ठरवी. तारेचा खर्च व साठवणीची जागा ही दोन्ही त्यालाच पाहावी लागत. म्हणून गटाचे नाव आणि त्याची मर्यादा यांना फार महत्त्व होते. १९८६-८७ मध्ये या सर्व गटांची नावे नव्याने लावून त्यांचे सात मोठे वर्ग करण्यात आले. अमिगाच्या सभेला संगणकांच्या वर्गात स्थान मिळाले आणि तिचे नाव कॉम्प.सिस.अमिगा असे झाले. पुढे याच व्यवस्थेत भारतीयांची व मराठी भाषकांचीही स्वतंत्र सभा भरू लागली.

सभा वाढली, तशी गर्दी वाढली. एकाची तबकडी चालत नसे, दुसऱ्याला जुने यंत्र विकावयाचे असे, तिसरा खेळात अडलेला असे आणि चौथा आपलाच संगणक सर्वश्रेष्ठ कसा, यावर हिरीरीने वाद घालीत असे. ज्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे, त्याला शेकडो टिपणे चाळावी लागत. काही विषयांचे गट आधीच वेगळे निघाले होते. तरीही १९९०च्या सुमारास संपूर्ण सभेचीच नव्याने मांडणी करणे अटळ झाले.

ही मांडणी कोणा एकाच्या हुकमाने होत नसे. प्रथम प्रस्ताव मांडावयाचा, त्यावर उघड चर्चा करावयाची आणि नंतर काही आठवडे मते मागवावयाची, अशी त्या काळची रीत होती. विरोधी मतांहून अनुकूल मते किमान १०० ने अधिक आणि एकूण मतांत दोन तृतीयांश असतील, तरच नवा गट निघे. केवळ बहुमत पुरेसे नसे. कारण जो गट कोणी वाचणारच नाही, त्याचा भार शेकडो व्यवस्थापकांनी का वाहावा?

या मार्गाने अमिगाच्या सभेत ज्या खोल्या झाल्या, त्यांची नावेच बोलकी आहेत. यंत्रभाग, खेळ, चित्रे, ध्वनी, प्रोग्रामलेखन, खरेदी-विक्री अशा विषयवार खोल्या झाल्याच. परंतु खरी दूरदृष्टी चार खोल्यांत दिसते. पहिली नवख्यांची. तेथे साधा प्रश्न विचारताना कोणाला संकोच वाटू नये. दुसरी घोषणांची. ती नियंत्रकाच्या हाती होती. म्हणून ज्याला फुरसत नाही, त्याने तेवढीच वाचली तरी चाले. तिसरी संकीर्ण विषयांची, कारण कोणत्याही वाटणीत न बसणारे काही ना काही उरतेच. चौथी होती कैवाराची. इतर संगणकांशी तुलना करून भांडावयाचे असेल, त्याने तेथे खुशाल भांडावे. वाद करणाऱ्याचे तोंड बंद केले नाही; त्याला ओसरी दिली आणि माजघर शांत ठेवले.

या वाटणीला दुसरी बाजूही होती. खोल्या अनेक झाल्या, की एकच टिपण चार ठिकाणी डकविण्याचा मोह होतो आणि ‘हे येथे नव्हे, तेथे विचारा’ असे सांगण्यातच जाणत्यांचा वेळ जातो. म्हणून प्रत्येक खोलीच्या दारावर तिचा हेतू स्पष्ट लिहावा लागतो आणि तो नवागतांना पुनःपुन्हा सौजन्याने सांगावा लागतो.

या श्रमांचे मोल लवकरच कळले. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर कंपनी बुडाली. त्याच वर्षी अमिगाचे जनक मानले जाणारे जे मायनर निवर्तले. पुढे यंत्राचे हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे जात राहिले. यंत्र बिघडले, तर विचारावे कोणाला? ज्यांच्याजवळ तेच यंत्र होते, त्यांनाच. विक्रेता गेला, तरी शेजारी उरले. आणि कोणता शेजारी कोठे भेटेल, हे आधीच ठरलेले होते. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधील विद्यार्थ्यांच्या हाती आकारास आलेला अमिनेट हा अमिगाच्या प्रोग्रामांचा संग्रह आजही चालू आहे. निर्मात्यामागून इतकी वर्षे एखादे यंत्र वापरात राहते, ते अशा संघटित शेजारधर्माच्या बळावर.

आज आपल्या कुटुंबाचे, इमारतीचे, परप्रांतातील मराठी मंडळाचे गट भ्रमणध्वनीवर चालतात. तेथे सुप्रभाताच्या शुभेच्छांखाली आजारपणाची वार्ता दडून जाते आणि पाणी येणार नसल्याची सूचना राजकीय वादात वाहून जाते. अशा वेळी चिडून गट सोडण्यापूर्वी खोल्यांचा विचार करून पाहावा. तातडीच्या सूचनांसाठी एक गट ठेवावा व त्यात लिहिण्याचा अधिकार दोघा-तिघांनाच असावा. गप्पांना व वादांना निराळी जागा द्यावी. ज्या विषयाला नियमित बोलणारे नाहीत, त्यासाठी नवा गट काढू नये. मुख्य म्हणजे वाटणी करण्यापूर्वी सर्वांचे मत घ्यावे. घरातील ज्या आजोबांना हे यंत्र नुकतेच हाताळता येऊ लागले आहे, त्यांनी प्रश्न कोठे विचारावयाचा, हे ठरल्यावाचून कोणतीही वाटणी पुरी झाली असे मानू नये.