तांबडा सदरा आणि तांबडी माणसे

सामन्याच्या वेळी आपल्या संघाच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांपैकी मीही एक आहे. ते नाव आले कुठून, याचा विचार ओरडणारा सहसा करत नाही. कॅनडातील एका विद्यापीठाला मात्र तो करावा लागला. ती हकीकत वाचनात आल्यापासून मनातून जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

मॉन्ट्रियल शहरातील मॅकगिल विद्यापीठ १८२१ सालचे. खेळाच्या बाबतीत या विद्यापीठाचा दबदबा मोठा. १८७४ च्या मे महिन्यात त्याचा संघ अमेरिकेत हार्वर्डशी दोन दिवस खेळला आणि अमेरिकन फुटबॉलच्या जन्मकथेत त्या सामन्यांना मानाचे स्थान आहे. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ हेही मॅकगिलचेच विद्यार्थी. अशा या विद्यापीठाच्या पुरुष संघांना १९२० च्या दशकापासून ‘रेडमेन’ म्हणू लागले. म्हणजे तांबडी माणसे. विद्यापीठाचा रंग तांबडा, खेळाडूंचे सदरे तांबडे, म्हणून हे नाव. इथपर्यंत कुणाला काही खटकण्याचे कारण नव्हते.

पण शब्द एकदा घराबाहेर पडला की तो घरच्यांचा राहत नाही. ‘तांबडी माणसे’ हे गोऱ्यांनी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना दिलेले नाव होते. (आपल्याकडच्या पुस्तकांतूनही ‘रेड इंडियन’ हा शब्द आपण बिनदिक्कत वाचलाच की!) पुढे मॅकगिलच्या संघांना ‘इंडियन्स’ आणि मुलींच्या संघांना आदिवासी स्त्रीसाठी वापरला जाणारा एक हलका शब्द, अशी टोपणनावे पडली. नंतर तर खेळाडूंच्या पोशाखावर पिसांचा मुकुट घातलेल्या आदिवासीचे मुंडके झळकू लागले. ते चित्र १९९२ साली काढले गेले. नाव मात्र राहिले.

२०१८ साली आदिवासी विद्यार्थ्यांनी हे नाव बदला म्हणून उचल घेतली. त्यांच्या अग्रभागी असलेला विद्यार्थी स्वतः विद्यापीठाच्या नौकानयन संघातला होता. म्हणजे ज्या नावाने आपला जयजयकार व्हायचा, तेच नाव नको, असे तो म्हणत होता. त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी मतदान केले आणि सुमारे ७९ टक्के मते बदलाच्या बाजूने पडली. एप्रिल २०१९ मध्ये विद्यापीठाने नाव रद्द केले.

जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना हे रुचले नाही. त्यांचे म्हणणे, नाव सदऱ्यावरून पडले, त्यात कुणाचा अपमान करण्याचा हेतूच नव्हता. हे म्हणणे खोटे नाही. विद्यापीठानेही मान्य केले की मूळ नाव आदिवासींना उद्देशून नव्हते. मग प्रश्न मिटला का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पुस्तकी नाही.

माझी आई डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकते. शाळेच्या कबड्डी संघात मला सगळे ‘टोपली’ म्हणत. प्रेमाने म्हणत, हे मी शपथेवर सांगेन. मी चढाईला निघालो की सारे मैदान ‘टोपली, टोपली’ करी आणि मलाही स्फुरण चढे. एकदा आई सामना पाहायला आली. तिने ते ऐकले. ती काही बोलली नाही, पण पुन्हा कधी मैदानावर आली नाही. आता सांगा, माझ्या मित्रांचा हेतू वाईट होता का? मुळीच नव्हता. पण नाव ज्याला लागते त्यालाच विचारावे लागते, देणाऱ्याला विचारून भागत नाही.

त्यातून खेळाच्या मैदानावर या लोकांचा इतिहास काही सुखाचा नाही. लॅक्रॉस हा खेळ मुळात त्यांचाच. १८६७ साली कॅनडात त्याचे नियम बांधले गेले तेव्हा, आधी ठरलेले नसेल तर गोऱ्यांच्या संघातून आदिवासीने खेळू नये, असे कलमच घातले गेले. ज्यांचा खेळ त्यांनाच मज्जाव! पुढे त्यांचे मुंडके शिरस्त्राणावर मिरवायचे आणि वर ‘हा तर तुमचा गौरव’ म्हणायचे, याला काय म्हणावे?

इतिहास पुसला गेला, ही ओरडही पोकळ आहे. जुन्या ढाली, करंडक आणि छायाचित्रांवरचे नाव विद्यापीठाने तसेच ठेवले. ज्यांनी त्या नावाखाली घाम गाळला त्यांचे काहीच हिरावले गेले नाही.

२०२० च्या नोव्हेंबरात नवे नाव जाहीर झाले, ‘रेडबर्ड्स’, तांबडे पक्षी. विद्यापीठाच्या बोधचिन्हावर मार्टलेट नावाचा एक पक्षी आहे. त्याला पाय नसतात अशी कल्पना आहे, म्हणजे तो कधी खाली बसत नाही. मुलींचे संघ आधीपासून त्याच नावाने खेळत. मुलांनी मुलींच्या नावाजवळ जाण्याची ही गंमत मला विशेष आवडली. आणि नाव नुसत्या तांबड्या सदऱ्यावरूनच पडले होते, असे जे म्हणत होते, त्यांची तर तक्रार राहायलाच नको. त्यांचा तांबडा रंग नव्या नावात जिथल्या तिथे आहे.

(द्वितीय वर्ष, कला)