स्कूप किती मिलिग्रॅमचा?

ड्राय स्कूपिंगचं रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेलं असणार. प्री-वर्कआउटची पावडर पाण्यात न मिसळता थेट तोंडात, त्यावर घोटभर पाणी, एक ठसका आणि पुढच्याच कटमध्ये भाऊ शंभर किलोचा डेडलिफ्ट मारतोय. खाली आगीचे इमोजी. एक गोष्ट मात्र त्यात कधीच दिसत नाही. त्या स्कूपमध्ये कॅफिन किती मिलिग्रॅम होतं?

प्री-वर्कआउट घेऊच नका, असं सांगायला हे लिहीत नाहीये. तसं सांगून कुणी ऐकत नाही, आणि निरोगी प्रौढ माणसानं बेतानं घेतलं तर बहुतेकांना त्रासही होत नाही. पण आपल्याकडे बऱ्याच जिममध्ये सल्ला देणारा आणि डबा विकणारा माणूस एकच असतो. त्यामुळे हिशोब आपला आपल्यालाच करावा लागतो.

डब्यात असतं काय? कॅफिन, बीटा-अ‍ॅलनिन, सिट्रुलिन, काहींत क्रिएटिन. घेतल्यावर थोड्याच वेळात कानांना, मानेला, हातांना ज्या मुंग्या येतात त्या बीटा-अ‍ॅलनिनमुळे. 'किक बसली' म्हणतो ती हीच. गंमत अशी, की बीटा-अ‍ॅलनिनचा स्नायूंना होणारा फायदा रोज घेतल्यावर काही आठवड्यांनी दिसतो. त्या दिवशीच्या मुंग्यांचा त्या दिवशीच्या ताकदीशी संबंध नाही! क्रिएटिनचंही तसंच. रोज ३ ते ५ ग्रॅम, मग जिमच्या आधी घ्या नाहीतर जेवल्यावर. म्हणजे त्याच संध्याकाळी जे काही जाणवतं, त्यात मोठा वाटा कॅफिनचा. कॅन्टीनच्या कॉफीत असतं तेच.

फरक आहे तो प्रमाणात. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानलं जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं एका वेळची मर्यादा २०० मिलिग्रॅम सांगितली आहे. बाजारातल्या प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये मात्र १५० ते ३०० मिलिग्रॅम, कधी त्याहूनही जास्त कॅफिन असतं. आपल्याकडच्या नियमांनुसार एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम चालतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये फार तर ७५. तेव्हा ३०० मिलिग्रॅमचा एक स्कूप म्हणजे चार कॅन. हे चार कॅन कुणी एका दमात संपवायला सांगितले, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. 'डबल स्कूप'चे झाले आठ.

त्यात कोरडी पावडर. ती घशात अडकते, श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊ शकते, आणि सगळा डोस एकदम पोटात जातो. याहून वाईट प्रकार म्हणजे शुद्ध कॅफिनची सुटी पावडर. जानेवारी २०२१ मध्ये वेल्समधल्या २९ वर्षांच्या एका पर्सनल ट्रेनरचा ती घेऊन मृत्यू झाला. त्याला मोजायचं होतं मिलिग्रॅममध्ये, आणि त्याच्याकडचा वजनकाटा दोन ग्रॅमच्या खाली मोजतच नव्हता.

पण बहुतेकांची घसरण अशी एका दिवसात होत नाही. साडेसहाला स्कूप, सातला जिम. त्यातलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री साडेअकरालाही अंगात असतं. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननंही झोप तासाभराहून जास्त कमी होते, असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. मग सकाळी प्रॅक्टिकलला डोळे उघडत नाहीत, म्हणून संध्याकाळी दीड स्कूप. शरीराला सवय होत जाते, किक बसेनाशी होते, मग दोन.

आणि मग कुणीतरी म्हणतं, पावडर सोड, माझ्याकडे इंजेक्शन आहे. ही अतिशयोक्ती नाही. जिमला जाणाऱ्या मुलांना मेफेंटरमाइनची इंजेक्शनं विकणाऱ्यांना पुण्यात गेल्या काही वर्षांत पोलिसांनी पुन्हा पुन्हा पकडलंय. हे औषध आहे ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर खाली गेलेलं ब्लडप्रेशर वर आणण्यासाठी. ते द्यायचं भूलतज्ज्ञानं, समोर मॉनिटर ठेवून. आणि इथे बीपी ठणठणीत असलेला पोरगा ते टोचून घेऊन वजनं उचलायला जातो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला आलेल्या उमेदवारांकडे उत्तेजक औषधं सापडल्याच्या बातम्याही आपण वाचल्यात. एका नोकरीसाठी १६०० मीटर जीव तोडून धावणाऱ्या त्या मुलांना नावं ठेवणं मला जमणार नाही. विकणाऱ्यांना ठेवायलाच हवीत.

तरी पावडर घ्यायचीच असेल, तर आधी डबा फिरवून लेबल वाचा. कॅफिनसमोर आकडा नसेल, नुसतंच 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहिलं असेल, तर तो डबा तिथेच ठेवा. सुरुवात अर्ध्या स्कूपनं, ग्लासभर पाण्यात नीट मिसळून. त्या दिवशी एनर्जी ड्रिंक बंद, आणि चहा-कॉफीही हिशोबात धरायची. संध्याकाळची बॅच असेल तर कॅफिन नसलेलं घ्या, किंवा सरळ दोन केळी खाऊन जा. (केळी रीलमध्ये तेवढी भारी दिसत नाहीत, मान्य.) हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल, दम्याची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अठराच्या आतल्यांनी तर नकोच.

डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो, तो 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर तपासता येतो. मात्र त्यातून परवाना खरा आहे एवढंच कळतं, आत काय भरलंय ते नाही. स्पर्धा खेळणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी आपले काही खेळाडू मेथिलहेक्झानामाइनसाठी पॉझिटिव्ह आले होते. हे उत्तेजक सप्लिमेंट्समध्ये सापडत असे. लेबलवर नाव नव्हतं, हे सांगून खेळाडूची सुटका होत नाही.

जिमवाल्यांकडेही एक मागणी आहे. 'डंबेल जागेवर ठेवा' असं भिंतीवर लिहिता, तसं काउंटरवर सुटा स्कूप विकताना त्यात किती मिलिग्रॅम कॅफिन आहे तेही लिहा. लिहिता येत नसेल, तर विकू नका.

आणि मित्राच्या छातीत दुखायला लागलं, धडधड थांबेना, तो चक्कर येऊन पडला, तर 'गरमीमुळे झालं असेल' म्हणत बसू नका. १०८ ला फोन करा. हॉस्पिटलमध्ये जाताना तो डबा किंवा इंजेक्शनची बाटली बरोबर न्या, आणि त्यानं काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. त्याच्या घरचे समोर उभे असले तरीही.