विश्लेषण : रिपोर्ट नॉर्मल, तरी माणूस आजारी! मायग्रेनला आपली व्यवस्था आजार का मानत नाही?

डोके दुखते म्हणून सुट्टी मागितली, तर साहेब हसतात. घरी सांगितले, तर ‘जरा बाम लाव आणि पड’ असा सल्ला मिळतो. एमआरआय काढला, तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मग ‘काही नाहीये तुला’ हे वाक्य ऐकावे लागते. मायग्रेन असलेल्यांना दुखण्याइतकाच त्रास या अविश्वासाचाही होतो. मात्र हा अविश्वास फक्त माणसांच्या स्वभावातून येत नाही. रजेचे नियम, विमा आणि कायदे यांतही तो आहे. कसा, ते समजून घेऊ.

हा विषय आता चर्चेत का?

गेल्या काही महिन्यांत काम आणि आरोग्य यांबाबत तीन मोठे निर्णय झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दुकाने व खासगी आस्थापनांमधील कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. ऑक्टोबरमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने नोकरदार महिलांना महिन्याला एक, म्हणजे वर्षाला १२ दिवस पगारी मासिक पाळी रजा देण्याचे धोरण मंजूर केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ४० वर्षांवरील कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे.

मायग्रेनचा या तिन्ही निर्णयांशी संबंध आहे. कामाचे तास वाढले की झोप आणि जेवणाच्या वेळा बिघडतात, आणि अटॅकची शक्यता वाढते. अनेक महिलांना पाळीच्या आसपासच तीव्र अटॅक येतो. वार्षिक तपासणीबद्दल सांगायचे, तर मायग्रेन बहुधा किशोरवयातच सुरू होतो. आणि चाळिशीनंतर तपासणी झाली तरी रक्त, रक्तदाब, ईसीजी सगळे ठीकच येणार. मायग्रेन त्यात दिसत नाही.

मायग्रेन म्हणजे नेमके काय?

मायग्रेन म्हणजे जोराची डोकेदुखी, एवढाच अर्थ नाही. हा मेंदूचा, चेतासंस्थेचा आजार आहे. आपल्याकडे त्याला अर्धशिशी हा जुना शब्द आहे, कारण बऱ्याचदा डोक्याची एकच बाजू ठणकते. उपचार घेतले नाहीत तर अटॅक ४ ते ७२ तास टिकू शकतो. सोबत मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज सहन न होणे अशी लक्षणे असतात. जिना चढला, वाकले तरी दुखणे वाढते.

अनेकांना दुखणे सुरू होण्याच्या काही तास आधी जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते किंवा काहीतरी खावेसे वाटते. काहींना डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. याला ‘ऑरा’ म्हणतात. दुखणे थांबल्यावरही एखादा दिवस डोके जड राहते, शब्द सुचत नाहीत. म्हणजे कामावर परतलेला माणूस पूर्ण बरा झालेला असतोच असे नाही.

चेहरा आणि डोक्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस यात महत्त्वाची असते. तिच्या टोकांतून ‘सीजीआरपी’ नावाचे रसायन स्रवते आणि वेदनेचे चक्र सुरू होते. हे कोडे उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ चा ‘ब्रेन प्राइझ’ हा मेंदूविज्ञानातील मोठा सन्मान मिळाला.

एमआरआय नॉर्मल असेल, तर निदान कशावरून?

मायग्रेन दाखवणारी रक्तचाचणी किंवा स्कॅन आज उपलब्ध नाही. एमआरआय काढतात तो गाठ, रक्तस्राव असे दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. तो नॉर्मल येणे म्हणजे आजार नसणे नव्हे. निदान होते ते रुग्णाच्या इतिहासावरून आणि त्यासाठी जगभर मान्य असलेले निकष आहेत. तसे किमान पाच अटॅक आलेले असणे, हा त्यातला एक. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी, त्यातले किमान आठ दिवस मायग्रेनसारखे आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर तो ‘क्रॉनिक’ मायग्रेन ठरतो.

इंजिनीअरिंगमध्ये अधूनमधून येणारा बिघाड सगळ्यांत त्रासदायक असतो. मशीन तपासायला घेतले की ते नीट चालते. पण म्हणून बिघाड नाहीच, असे कोणी म्हणत नाही. तो कधी आला, तेव्हा काय चालू होते, याची नोंद मागितली जाते. मायग्रेनमध्ये डोकेदुखीची डायरी हेच काम करते.

‘पित्त’, ‘सायनस’, ‘नाटक’... गैरसमज कुठून येतात?

महाराष्ट्रात मायग्रेनचे सर्वांत प्रचलित नाव ‘पित्त’ आहे. उलटी झाली की अनेकांना बरे वाटते, म्हणून ‘पित्त पडले, डोके उतरले’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात अटॅकमध्ये जठराचे काम मंदावते आणि मळमळ त्याच आजाराचा भाग असते. उपवासाने ‘पित्त वाढते’ असे जे वाटते, त्यामागेही अनेकदा उपाशी राहिल्याने आलेला अटॅक असतो.

दुसरे नाव ‘सायनस’. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या २,९९१ लोकांना तपासले गेले. त्यातील ८८ टक्के लोकांची लक्षणे मायग्रेनच्या प्रकारात मोडणारी निघाली. चष्म्याचा नंबर बदलणे, सुंठ उगाळून कपाळाला लावणे, डोक्याला फडके घट्ट बांधणे, या फेऱ्यात वर्षे जातात आणि निदान लांबते.

तिसरा शब्द जास्त लागतो : ‘नाटक’. सकाळी अंधाऱ्या खोलीत पडून असलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला हसताना दिसली, की शंका घेतली जाते. पण येणे-जाणे हेच या आजाराचे लक्षण आहे. मायग्रेन पुरुषांच्या तुलनेत महिलांमध्ये दोन ते तीन पट आढळतो. त्यामुळे ‘कामाचा कंटाळा’ हा शिक्काही त्यांच्यावरच जास्त बसतो.

भारतात किती लोकांना हा त्रास आहे?

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील मेंदूविकारांच्या अभ्यासानुसार, २०१९ मध्ये देशात सुमारे २१ कोटी लोकांना मायग्रेन होता. कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १८ ते ६५ वयोगटातील सुमारे २५ टक्के लोकांना वर्षभरात मायग्रेनचा त्रास झाल्याचे आढळले. जागतिक आजारभार अभ्यासानुसार, १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये अपंगत्वासह जगाव्या लागणाऱ्या वर्षांच्या कारणांत मायग्रेन सर्वांत वर आहे. यात मृत्यू मोजले जात नाहीत, आजारामुळे वाया गेलेले आयुष्य मोजले जाते.

रजेचे गणित कुठे अडते?

आपल्या व्यवस्थेला दोन प्रकारचे आजारी लोक कळतात : सलग काही दिवस अंथरुणाला खिळलेले आणि कायमचे अपंगत्व आलेले. मायग्रेन या दोन्हींत बसत नाही. तो येतो, दीड-दोन दिवस माणसाला आडवे करतो आणि जातो.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. एखाद्याचे मायग्रेनमुळे महिन्याला दोनच दिवस जात असतील, तरी वर्षाचे २४ दिवस होतात. म्हणजे आठ नैमित्तिक रजा एप्रिलअखेर संपतात. त्यानंतर हक्काच्या रजा मोडा, पगार कापून घ्या किंवा गोळी घेऊन कामावर या. बहुतेक जण तिसरा मार्ग पत्करतात. स्क्रीनचा उजेड कमी करून, डोळे मिटत-उघडत काम होते. हजेरी लागते, पण काम अर्धेच होते. त्याची नोंद कुठेही होत नाही.

महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय योजना लागू होते. त्यात आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. पण १९४८ च्या कायद्यापासून चालत आलेल्या नियमानुसार आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. आधीच्या भत्त्याच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यासच ही अट शिथिल होते. मायग्रेनचा अटॅक जास्तीत जास्त तीन दिवसांचा. म्हणजे बहुतेक अटॅक त्या दोन दिवसांतच संपतात आणि कामगाराच्या हाती काही पडत नाही.

आरोग्य विम्याचेही तसेच. बहुतेक मूळ पॉलिसी किमान २४ तास रुग्णालयात दाखल झाल्यावर खर्च देतात. मायग्रेनचा खर्च असतो तपासणी फी आणि महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्यांचा. तो खिशातूनच जातो.

दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे का?

२०१६ च्या कायद्याच्या यादीत २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. ‘दीर्घकालीन चेतासंस्थेचे आजार’ या गटात उदाहरण म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत. मायग्रेनचे नाव नाही. आरक्षणासारखे लाभ मिळण्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. आज ठीक आणि उद्या अंथरुणावर, अशी स्थिती टक्केवारीत बसवणे कठीण आहे.

प्रत्येक मायग्रेन रुग्णाला अपंगत्वाचे प्रमाणपत्र द्यावे, असे म्हणणे नाही.  प्रश्न तीव्र आणि क्रॉनिक मायग्रेन असलेल्यांचा आहे. त्यांच्यासाठी आज कोणताही रकाना नाही.

दिसत नसलेला आजार मोजता येतो का?

येतो. ‘मिडास’ ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात गेल्या तीन महिन्यांबद्दल पाच प्रश्न असतात : किती दिवस कामावर जाता आले नाही, किती दिवस काम निम्म्याहून कमी झाले, घरकाम किती दिवस बंद राहिले, किती दिवस अर्धवट झाले आणि किती कौटुंबिक-सामाजिक प्रसंग चुकले. बेरीज २१ किंवा जास्त आली, तर त्रास तीव्र मानला जातो. यात घरकामाचा दिवसही नोकरीच्या दिवसाइतकाच मोजला जातो, हे विशेष.

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागाने २०१९ मध्ये मायग्रेनसारख्या डोकेदुखीच्या विकारांसाठी स्वतंत्र नियमावली काढली. फक्त रुग्णाचे म्हणणे पुरत नाही. पण डॉक्टरांचे निदान, इतर आजार नसल्याची खात्री, अटॅक पाहणाऱ्याने केलेले वर्णन आणि उपचारांना मिळालेला प्रतिसाद हे पुरावे म्हणून धरले जातात. स्कॅनमध्ये न दिसणारा आजारही कागदोपत्री तपासता येतो, हे त्यातून दिसते.

आपल्याकडेही सुरुवात अवघड नाही. मेंदूविकारतज्ज्ञाचे एकच प्रमाणपत्र वर्षभर ग्राह्य धरणे, अटॅकच्या दिवशी घरून किंवा अर्धा दिवस काम, डोळ्यांवर येणारा दिवा बदलणे, जेवणाची सुट्टी न बुडवणे, यांना फारसा खर्च येत नाही. थोड्या दिवसांची, पण पुन्हा पुन्हा लागणारी रजा ही कल्पनाही भारताला नवी नाही. बिहार सरकारने १९९२ मध्येच महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा दिली होती.

उपचार काय आणि सावधगिरी कोणती?

उपचार दोन प्रकारचे. अटॅक थांबवणारी औषधे सुरुवातीलाच घ्यावी लागतात. उशीर झाला की मंदावलेल्या जठरातून गोळी नीट शोषली जात नाही. अटॅक वारंवार येत असतील, तर ते कमी करणारी औषधे रोज दिली जातात. त्यातील काही मुळात रक्तदाब, फिट किंवा नैराश्यासाठी बनलेली आहेत. म्हणून चिठ्ठी पाहून ‘मला नैराश्याची गोळी का दिली’ असे वाटून ती बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. गर्भवती असाल किंवा तसा विचार असेल, तर आधीच सांगा. सीजीआरपी रोखणारी नवी औषधेही भारतात मिळू लागली आहेत, पण ती महाग आहेत.

मेडिकलमधून स्वतःच गोळ्या घेत राहणे मात्र धोक्याचे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस, तर ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या १० दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त घेतले, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी सुरू होऊ शकते.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

क्षणार्धात उसळलेली, आयुष्यातील सर्वांत तीव्र डोकेदुखी. ताप आणि मान आखडण्यासह दुखणे. हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. यापैकी काहीही झाले, तर मायग्रेन समजून घरी थांबू नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली, तरी लवकर डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्यांनी आजपासून एक करावे. मोबाइलमध्येच तारीख, किती तास दुखले, कोणती गोळी घेतली, कोणते काम राहिले, एवढे लिहून ठेवावे. तीन महिन्यांची ही नोंद डॉक्टरांच्या उपयोगाची आहेच. साहेबांसमोर ठेवायला तुमच्याकडे असलेला रिपोर्टही सध्या तोच आहे.