व्रत आणि वळण

दिवाळी अंक हाती आला म्हणजे फराळाचे ताट फार दूर नसते. अशा वेळी आहाराविषयी चार शब्द लिहिणे म्हणजे लग्नघरी जाऊन काटकसरीवर व्याख्यान झोडण्यासारखे आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा वाचकांनी हातातली चकली खाली ठेवण्याचे कारण नाही. चकलीशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते भाऊबीज झाल्यावर घरोघरी जो संकल्प सोडला जातो त्याच्याशी. “झाले! आता सोमवारपासून डाएट!”

सोमवार उजाडतो. भात बंद, साखर बंद, रात्रीचे जेवण बंद. पहिल्या आठवड्यात काटा किलो-दोन किलो खाली येतो आणि घरात आनंदीआनंद होतो. या पहिल्या उताऱ्यात चरबी थोडी आणि पाणीच फार असते, हे काटा सांगत नाही. पुढे लग्नसराई येते, परीक्षा येतात, पाहुणे येतात. आणि होळीच्या सुमारास गेलेले वजन व्याजासकट परत येते. मग पुढचा मुहूर्त गुढीपाडव्याचा!

आमचा धंदा मराठी शिकवण्याचा, म्हणून या प्रकाराला आमच्या भाषेत काय नाव आहे ते पाहू लागलो. ते नाव आहे ‘व्रत’. व्रताला आरंभाचा दिवस असतो, कडक नियम असतात, मोडले तर पापाची भीती असते. आणि शेवटी उद्यापन असते. उद्यापनाला जेवणावळ घालतात! आमचे डाएट थेट त्याच वाटेने जाते. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण काही उगीच पडलेली नाही. पण मराठीत दुसराही एक शब्द आहे, ‘वळण’. “त्या घरचे वळण चांगले,” असे आपण म्हणतो. वळणाला मुहूर्त नसतो आणि उद्यापनही नसते. ते घराच्या अंगात मुरलेले असते. गंमत म्हणजे ‘डाएट’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला त्याचा अर्थ उपासमार नव्हे. त्याचा अर्थ जगण्याची रीत. आपल्या ‘पथ्य’ शब्दातही ‘पथ’ आहे, वाट आहे. दोन्ही भाषांना मूळची गोष्ट माहीत होती, आपण विसरलो.

या प्रश्नाशी नागपूरचा जुना संबंध आहे. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांना बहुतेक लोक त्यांच्या वीसच्या आसपासच्या पदव्यांमुळे ओळखतात. काटोलकडचा हा माणूस डॉक्टर होता, मंत्री झाला. पण भुकेच्या दोन वेळा ओळखाव्यात, तेव्हाच जेवावे आणि मध्ये तोंड हलवू नये, हा विचारही त्यांनी व्याख्यानांतून मांडला होता. तोच धागा पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हाती घेतला. दिवसातून दोनदा, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण आणि जोडीला पंचेचाळीस मिनिटे चालणे, असा त्यांचा परिपाठ घरोघरी पोचला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांनी २००९ सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकापासून सांगितले की, थोड्या थोड्या वेळाने खा, गावचे आणि घरचे खा, तुपाला अन् भाताला भिऊ नका. २०१८ च्या सुमारास मराठी घरांत यावरून असे तट पडले की, एकाच टेबलावर नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर!

कोण खरे, हा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. मात्र इतके दिसते की, दोघांनीही महिन्याभराची मोहीम सांगितलेली नव्हती. रोजच्या जगण्याची रीत सांगितली होती. मधल्या वेळच्या बिस्किटांच्या पुड्याला आणि बाटलीतल्या गोड पेयाला दोघांकडेही आश्रय नाही. लोकांनी मात्र दोन्हींचे व्रत केले आणि दोन्हींचे उद्यापन केले. येथे एक सावधगिरीचा शब्द. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्यावाचून बदलू नयेत.

व्रत टिकत नाही यात मनाचा कमकुवतपणा किती आणि शरीराचा धर्म किती? अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. पण ही निरोगी मुले दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाकशास्त्राची पुस्तके वाचत बसू लागली. बंधन सुटल्यावर पोट भरले तरी खाणे थांबेना, आणि परत आलेल्या वजनात चरबीचा वाटा पूर्वीपेक्षा अधिक होता. शरीराला उपासमार म्हणजे दुष्काळ वाटतो आणि दुष्काळानंतर ते कोठार भरते. तेव्हा डाएट मोडणाऱ्या वहिनींना किंवा भावजींना कोणी हसू नये. ते हरले नाहीत. त्यांनी लढाईच चुकीची निवडली.

मग वळण लावायचे कुठे? आमच्या मते ताटात नव्हे, किराण्याच्या यादीत. चहाचाच हिशेब पाहा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅम. चौघांच्या घरात महिन्याला जवळजवळ पाच किलो साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेली मर्यादा शक्य तर माणशी दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. तीही सगळ्या पदार्थांतली मिळून. साखर एकदम सोडू नका. दर महिन्याला अर्धा चमचा कमी करा. तीन महिन्यांत दोनाचा अर्धा होतो आणि जिभेला पत्ताही लागत नाही.

तेलाचेही तसेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जो दिवसाच्या ताटाचा नमुना दिला, त्यात तेल-तूप २७ ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. म्हणजे चौघांना महिन्याला तेल-तूप मिळून सव्वातीन किलो. आपल्या घरी पाच किलोचा डबा किती दिवस पुरतो, ते गृहिणींनी मनातल्या मनात मोजावे! सावजीच्या रश्श्यावरची तर्री नागपूरकराला सोडवणार नाही आणि सोडूही नये. विणकरांच्या घरांतून आलेली ही चव आपले भूषण आहे. पण ती रविवारची पाहुणी असावी, रोजची भाडेकरू नव्हे.

आणि भाज्या ४०० ग्रॅम! हे ऐकून डोळे पांढरे करण्याचे कारण नाही, कारण आता येणारा हिवाळा हा विदर्भाच्या मंडईचा राजा. मेथी, पालक, हरभऱ्याची कोवळी भाजी, तुरीच्या आणि वालाच्या शेंगा. संत्री तर दारात येऊन पडतात. ती सोलून चोथ्यासकट खावीत, रस काढून नव्हे. विदर्भाच्या शेतांत सोयाबीन वाढले नि ज्वारी मागे हटली. तशी ती ताटातूनही हटली. पॉलिश केलेल्या तांदळात शंभर ग्रॅमला तीन ग्रॅमहूनही कमी चोथा असतो. ज्वारीत तो दहा ग्रॅम असतो. आठवड्यातून तीन रात्री भाकरी आणि जवसाची चटणी, एवढे वळण एका पिढीला पुरेल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे डाएट एकाचे असते आणि राबते दुसरीच. यजमानांचे सॅलड, मुलीचे ओट्स, सासूबाईंचे मऊ, मुलाचे नूडल्स. चार जणांची चार ताटे वाढून गृहिणी शेवटी उभ्याउभ्याच उरलेसुरले संपवते, कारण अन्न टाकवत नाही. घरातले सर्वांत वाईट जेवण तिचे असते, आणि तिच्या रक्तातली साखर पाहण्याची आठवण मात्र कुणालाच होत नाही. शिवाय “मी किती जाड झाले” हे वाक्य बारा वर्षांची मुलगी ऐकत असते आणि पोळी निम्मीच खाऊन उठते. म्हणून पहिले वळण हे : घराला एकच स्वयंपाक, सगळ्यांना एकच ताट, आणि वाढणारीही त्याच पंगतीला. दुसरे हे की, आग्रह बंद. “एवढे घ्याच” याऐवजी “आणखी हवे का?” असे विचारावे, आणि ‘नको’ म्हणजे नकोच समजावे.

अशा सवयी रुजायला किती दिवस लागतात? एकवीस दिवसांची दंतकथा आपण ऐकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मध्यमान निघाले ६६ दिवस; कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत २५४ दिवसांपर्यंतचा अंदाज. त्यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की, एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. व्रत एका चुकीने मोडते, वळण मोडत नाही.

तेव्हा वाचकहो, फराळ मनसोक्त करा. पण डबा जेवणाच्या वेळी उघडा, येता-जाता नव्हे. आणि त्या सोमवारी कसलाही संकल्प सोडू नका. किराण्याची यादी लिहायला बसाल तेव्हा साखरेपुढचा आकडा एका किलोने कमी करा आणि ज्वारीची नवी ओळ लिहा. आजपासून ६६ दिवस मोजले तर नाताळ ते संक्रांत यांच्या दरम्यानचा एखादा दिवस येईल. त्या दिवशी वजन करू नका. चहात पूर्वीइतकी साखर घालून पाहा. तो घशाखाली उतरला नाही, तर घराला वळण लागले असे समजा.

दीपावली सर्वांना सुखाची जावो.